पोथीची जागा, वाचकाची जागा

सोलापूर शहरातून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, मोहोळ तालुक्यातील चिंचोळी काटी या गावालगत, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. 1962 साली स्थापन झालेल्या या महामंडळाच्या नावावरूनच ती सर्वत्र चिंचोळी एमआयडीसी म्हणून ओळखली जाते. रसायने आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या या वसाहतीच्या आखणीत भूखंड, रस्ते, पाणी आणि वीज यांना अग्रक्रम आहे. तेथे काम करणारे लोक मात्र सोलापुरातून, मोहोळहून आणि आसपासच्या गावांतून ये-जा करतात, आणि त्यांचा संसार त्या नकाशाबाहेरच्या दोन-तीन खोल्यांच्या घरांत चालतो. अशा घरांतही आता खिडकीजवळ एक फळी, एक खुर्ची आणि एक दिवा मांडून वाचनाचा कोपरा सजवण्याची हौस दिसू लागली आहे. ही हौस शहरी आणि उसनी आहे, असे मत सहज व्यक्त केले जाते. ते अर्धेच खरे आहे. ग्रंथाला घरात मानाची जागा देण्याची रीत या परिसरात कित्येक शतकांची आहे. वाचकाला अशी जागा देण्याची रीत मात्र अलीकडची असून ती घडायला छापखाना, घासलेट, गिरणी, सार्वजनिक वाचनालय आणि सिमेंटचे घर अशा अनेक गोष्टी एकामागून एक याव्या लागल्या.

हस्तलिखितांच्या काळात घरातला ग्रंथ म्हणजे पोथी, म्हणजे एकमेकांना न शिवलेली, आडव्या लांबट आकाराची सुटी पाने. घोटून गुळगुळीत केलेल्या कागदावर बोरूने, काजळीपासून केलेल्या शाईत ती लिहिली जात. पानांच्या वर-खाली लाकडी फळ्या ठेवून सर्व गठ्ठा एका चौकोनी कापडात गुंडाळला जाई, आणि या कापडाला बासन म्हणत. हिशेबाचे व वतनाचे कागद ज्या कापडात बांधून ठेवत त्याला रुमाल म्हणत, आणि अशा रुमालांचा समूह म्हणजे दफ्तर. कुलकर्णी-देशपांड्यांच्या घरांत दफ्तर आणि पोथ्या बहुधा शेजारीशेजारी असत, कारण दोन्ही वस्तू लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाच्याच ताब्यात राहत. पोथीची नक्कल उतरवून संपली की नकलनवीस शेवटच्या पानावर एक विनवणी लिहून ठेवत असे: पाण्यापासून, तेलापासून आणि सैल बांधणीपासून या ग्रंथाचे रक्षण करावे. तेलाचा उल्लेख विशेष बोलका आहे, कारण पोथी दिव्याजवळ धरूनच वाचावी लागे आणि दिव्यातले तेल तिच्यावर सांडण्याचे भय रोजचे होते.

सोलापूर परिसरातले जुने घर या दृष्टीने पाहिले की वाचक कोठे बसत असेल याचा अंदाज बांधता येतो. या पर्जन्यछायेच्या मुलखात माळवदाची घरे असत. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर माती घालून केलेले सपाट छत. भिंती जाड, खिडक्या थोड्या आणि लहान, आणि आतल्या खोल्यांत उजेड येई तो छतात ठेवलेल्या झरोक्यातून. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या प्रदेशात हे घर थंडावा देई, पण आतला उजेड वाचायला पुरत नसे. जाड भिंतींत कोनाडे आणि फडताळे सहज काढता येत, फडताळ म्हणजे भिंतीतच बसवलेले दारांचे कपाट; त्यामुळे पोथी ठेवायला जागेची वाण नव्हती. वाचायचे मात्र ओसरीवर किंवा पडवीत, दिवसाउजेडी, आणि तेही घरातल्या व बाहेरच्या माणसांच्या येण्याजाण्यात. कोरडी हवा कागदाला मानवे आणि कोकणातल्यासारखी बुरशी येथे सतावत नसे. खरे शत्रू म्हणजे वाळवी, कसर आणि धूळ. बासनात कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे ठेवण्याची पद्धत त्यांच्याच बंदोबस्तासाठी होती, आणि पुढे तिची जागा डांबराच्या गोळ्यांनी घेतली.

एकट्याने, मनातल्या मनात वाचणे ही या घरांची रीत नव्हती. पोथी एक जण वाची आणि बाकीचे ऐकत. चातुर्मासात, म्हणजे आषाढी ते कार्तिकी एकादशीच्या चार महिन्यांत, संध्याकाळी लागणारी पोथी ही घराची आणि आळीची सामाईक गोष्ट असे, आणि तिच्यासाठी लिहिलेले साहित्यही याच मुलखात मोठ्या प्रमाणावर निर्माण झाले. सांगोल्याजवळच्या नाझरे गावचे श्रीधर पुढे पंढरपुरात राहिले आणि तेथे त्यांनी 1702 मध्ये ‘हरिविजय’, 1703 मध्ये ‘रामविजय’, 1712 मध्ये ‘पांडवप्रताप’ आणि 1718 मध्ये ‘शिवलीलामृत’ हे ग्रंथ पूर्ण केले. या ग्रंथांची रचना ऐकणाऱ्यासाठी केलेली आहे. ओवी सोपी, अध्याय एका बैठकीत संपण्याजोगे आणि कथा अशा ठिकाणी थांबवलेली की श्रोता दुसऱ्या दिवशी परत यावा. अशा वाचनात पोथीला चौरंग किंवा कैचीसारखे उघडणारे लाकडी आसन मिळे, वाचणाऱ्याला पाट मिळे आणि ऐकणाऱ्यांना सारवलेली जमीन. अक्षरओळख नसलेल्या घरांतही पांडवप्रतापातली पात्रे माणसांसारखी ओळखीची होती ती यामुळे, आणि साक्षरतेच्या आकड्यांवरून जुन्या समाजाच्या ग्रंथपरिचयाचे माप काढणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झाकण्याचे कारण नाही. पोथी ऐकायला कोठे बसायचे हे जातीने ठरत असे, आणि अनेकांना ओसरीची पायरीही मोकळी नव्हती. याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे संत चोखामेळा यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या लेखकाने उतरवून घेतले, असे परंपरा सांगते. ज्याचे शब्द शतकानुशतके घराघरांत गायले गेले, त्याच्या स्वतःच्या घरात ते शब्द कागदावर असण्याची सोय नव्हती, हा त्या परंपरेचा अर्थ आहे. स्त्रियांच्या बाबतीत अडसर वेगळा होता. पोथी त्या ऐकत, तिची पूजा करत, तिच्या बासनाची निगा राखत. ती स्वतः उघडून वाचणे मात्र बहुतेक घरांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांच्या वाट्याला आले नाही.

ग्रंथसंग्रहाची सर्वांत शिस्तबद्ध घरगुती परंपरा सोलापुरात आढळते ती दिगंबर जैन व्यापारी कुटुंबांत. स्वाध्याय, म्हणजे धर्मग्रंथाचे रोजचे वाचन, हे जैन गृहस्थाच्या नित्यकर्मांपैकी एक मानले जाते. त्यामुळे ग्रंथ जवळ असणे ही येथे हौसेपेक्षा कर्तव्याची बाब ठरते. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी पाळतात, आणि त्या दिवशी शास्त्रभांडारातले, म्हणजे मंदिराच्या किंवा घराच्या ग्रंथसंग्रहातले, ग्रंथ बाहेर काढून झटकतात, त्यांची वेष्टने बदलतात व पूजा करतात. पावसाळा तोंडावर असताना वर्षातून एकदा प्रत्येक ग्रंथाला हात लागावा, ही व्यवस्था धर्माच्या आधाराने सांभाळलेले उत्तम ग्रंथसंरक्षणच आहे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी 1884 मध्ये ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक सुरू केले, तेव्हा जैन समाजात धर्मग्रंथ छापावेत की नाही यावर कडाक्याचा वाद होता. छापखान्यात शाई, कातडे आणि कोणाचेही हात ग्रंथाला लागतात, म्हणून छापील शास्त्र अपवित्र, असे विरोधकांचे म्हणणे होते. ग्रंथ भांडारात कुजण्यापेक्षा घरोघर पोहोचावा, असे छपाईच्या समर्थकांचे.

याच शेठजींनी मुंबईचे माणिकचंद यांच्या साथीने कर्नाटकातील मूडबिद्री येथील ताडपत्रांच्या नकला करवून घेण्याचे काम हाती घेतले. ‘धवला’ हा षट्खंडागम या प्राचीन दिगंबर आगमावरील विशाल टीकाग्रंथ. त्याच्या जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्री प्रती तेथे बंदोबस्तात होत्या आणि त्यांचे दर्शन घेता येई, वाचन नव्हे. 1890 च्या दशकात नकलेचे काम सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे चालले. नकलनवीस गजपती उपाध्याय यांनी अधिकृत नकलेबरोबर आपल्या घरी, पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मदतीने, आणखी एक प्रत गुपचूप तयार केली. ती पुढे सहारनपूरला गेली, तिथून तिच्या नकला पसरल्या आणि अखेर 1939 मध्ये हिरालाल जैन यांनी अमरावतीहून या ग्रंथाचा पहिला छापील खंड प्रसिद्ध केला. भांडारातल्या कडेकोट बंदोबस्तापेक्षा एका घरातल्या चोरून केलेल्या नकलेने ग्रंथ जगासमोर आणला, ही गोष्ट घरगुती ग्रंथसंग्रहाच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहिण्याजोगी आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी सोलापुरात जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापला आणि त्याच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून 1943 पासून प्राचीन ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या निघू लागल्या. धवलेची सुधारित आवृत्तीही पुढे याच संस्थेने काढली.

सोलापूर हे अनेक भाषांचे शहर असल्यामुळे घरातल्या ग्रंथांच्या लिप्याही अनेक होत्या. लिंगायत कुटुंबांत कन्नड वचने आणि मराठी शिवलीलामृत एकाच कोनाड्यात नांदत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तेलुगू पुस्तके आणली. मुसलमान घरांत कुराणाची प्रत जुजदानात, म्हणजे खास शिवलेल्या कापडी आवरणात, घरातल्या सर्वांत उंच फळीवर असे आणि वाचताना ती रेहालवर, म्हणजे घडीच्या लाकडी आसनावर, ठेवली जाई. विणकरांच्या या शहरात प्रत्येक समाजाने आपापल्या ग्रंथाला कापडात जपले. उंच जागा, स्वच्छ आवरण, हात धुऊन स्पर्श, जमिनीला न टेकवण्याचा दंडक हे नियम धर्माधर्मांत जवळपास सारखेच आहेत. हे सर्व नियम ग्रंथाच्या सोयीचे आहेत. वाचणाऱ्याच्या पाठीच्या, डोळ्यांच्या किंवा एकांताच्या सोयीचा एकही नियम त्यांत नाही.

छपाईने हा तोल हळूहळू बदलला. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये छापील पंचांग काढले, तर जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना 1869 मध्ये सुरू झाला. या आणि अशा छापखान्यांनी जुन्या पोथ्या प्रथम पोथीच्याच आकारात, सुट्या आडव्या पानांवर छापल्या, कारण गिऱ्हाइकाच्या मनात ग्रंथाचे रूप तेच होते. शिळाछाप, म्हणजे दगडावर उलटे अक्षर उमटवून केलेली छपाई, हस्ताक्षराचे वळणही राखून ठेवी. नंतर शिवलेले, पुठ्ठ्याचे पुस्तक आले आणि त्याबरोबर मांडीवर किंवा हातात धरून वाचण्याची सवय आली. पंढरपूरच्या यात्रेतून परतणाऱ्या वारकऱ्याच्या पडशीत हरिपाठाचा गुटका, म्हणजे खिशात मावेल असे छोटे पुस्तक, येऊ लागले, आणि ज्या घरात कधी पोथी नव्हती तेथे पहिला छापील ग्रंथ या वाटेने शिरला. ग्रंथ स्वस्त झाला की त्याच्याभोवतीचे सोवळे सैल होते, हे या काळात सर्वत्र दिसते.

दुसरा बदल उजेडाचा होता आणि त्याची दखल वाङ्मयेतिहासात फारच थोडी घेतली जाते. करडईचे तेल या जिल्ह्यात मुबलक, पण त्याच्या पणतीचा किंवा समईचा प्रकाश मंद. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासलेट खेड्यांपर्यंत पोहोचले आणि काचेचा कंदील आला, तेव्हा रात्रीच्या वाचनाला प्रथमच स्थिर, वाऱ्याने न विझणारा उजेड मिळाला. कंदील उचलून कोपऱ्यात नेता येतो. एकट्याने वाचण्याचा कोपरा पहिल्यांदा शक्य झाला तो या उचलून नेता येणाऱ्या दिव्यामुळे, आणि बहुतेक घरांत त्यावर पहिला हक्क शाळेत जाणाऱ्या मुलाचा लागला.

पुस्तके छापली जाऊ लागली तरी विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून घरातले पुस्तक पुष्कळदा उसने असे. रत्नागिरी येथे 1828 मध्ये आणि पुण्यात लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने 1848 मध्ये ग्रंथालये निघाली, आणि त्याच परंपरेतले, शंभरी केव्हाच ओलांडलेले हिराचंद नेमचंद वाचनालय सोलापुरात आहे. वर्गणी भरून एक पुस्तक घरी न्यायचे, ते घरातल्या तीन-चार जणांनी मुदतीत वाचायचे आणि बदलून आणायचे, हा शिरस्ता मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाचा खरा कणा आहे. घरातली स्त्री वाचनालयात फारशी जात नसे. पुस्तक निवडून आणी तो मुलगा किंवा दीर, आणि त्यामुळे तिच्या वाचनाची आवड दुसऱ्याच्या निवडीतून घडत गेली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 मध्ये झाल्यावर मान्यताप्राप्त वाचनालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला आणि ती तालुक्याच्या गावांपलीकडे, मोठ्या खेड्यांत पोहोचली. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डेन यांना बोलावून मोफत वाचनालयांचे जाळे उभारले होते आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या होत्या. त्या मानाने ब्रिटिश मुलखातल्या सोलापूरला बराच काळ स्थानिक शेठ-सावकारांच्या औदार्यावर विसंबून राहावे लागले.

1870 च्या दशकात सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली, पुढे जुनी मिल म्हणून प्रसिद्ध झालेली, आणि तिच्यामागून इतर गिरण्या. गिरणीने हजारो कुटुंबे शहरात आणली, पण त्यांना जे घर दिले ते एका खोलीचे. अशा खोलीत पाच-सात माणसे, चूल, पाण्याची भांडी आणि विणकराच्या घरी तर हातमागही; तेथे पुस्तकाचा कोपरा म्हणजे खुंटीला टांगलेली पिशवी किंवा छताजवळची एक फळी. वाचन घराबाहेर गेले. तालमीत, चहाच्या दुकानात, देवळाच्या कट्ट्यावर एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे, ही पोथीची जुनीच रीत नव्या मजकुराने चालू राहिली. 1930 च्या सविनय कायदेभंगाच्या आंदोलनानंतर फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते, ही गोष्ट या शहरातील कामगार वस्तीत वर्तमानपत्राला काय मोल होते ते दाखवते. हात कामात आणि कान वाचनात, ही व्यवस्था इतरत्र अधिक रेखीव झाली: क्यूबातील सिगार कारखान्यांत 1865 पासून कामगारांच्या वर्गणीवर वाचक नेमले जात, आणि केरळातील विडी कामगारांतही वर्तमानपत्र वाचून दाखवण्याची प्रथा होती. सोलापुरातही विडी वळणाऱ्या स्त्रिया हजारोंनी आहेत, पण त्यांचे काम घरोघर विखुरलेले असल्याने अशी सामूहिक वाचनाची संस्था येथे रुजणे अवघडच होते.

एका खोलीत वाचकाची जागा कशी निर्माण होते याचे सर्वांत प्रसिद्ध मराठी उदाहरण मुंबईचे आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत विद्यार्थी भीमराव आंबेडकर संध्याकाळी लवकर झोपत, आणि रात्री दोनच्या सुमारास वडील सुभेदार रामजी त्यांना उठवीत. मग घर निजलेले असताना दिव्याच्या उजेडात अभ्यास चाले. जागा नव्हती म्हणून वेळेतून कोपरा काढला गेला. पुढे 1930 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते ग्रंथांचा विचार प्रथम करून. हजारो पुस्तकांसाठी आखलेले इतके मोठे खासगी घर त्या काळी देशात क्वचितच असेल. चोखामेळ्याच्या घरातली कागदाची अनुपस्थिती आणि राजगृहातली पुस्तकांनी भरलेली दालने यांच्यामध्ये जे घडले, त्याला महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा एक संक्षेप म्हणता येईल. राजगृहाचे अनुकरण छोट्या प्रमाणात असंख्य घरांनी केले. बाबासाहेबांचे छायाचित्र आणि त्याखाली पुस्तकांची फळी ही मांडणी आज सोलापूर जिल्ह्यातील गावोगावच्या वस्त्यांत आढळते.

औद्योगिक वसाहत आणि घरातले वाचन यांचा थेट संबंध जोडला तो किर्लोस्करवाडीने, आणि चिंचोळीच्या संदर्भात हे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातील माळरानावर कारखाना आणि कामगारांची वस्ती एकत्र वसवली. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी तेथून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. हेतू कारखान्याच्या मालाची आणि कामाची माहिती देण्याचा होता, परंतु काही वर्षांतच त्याचे ‘किर्लोस्कर’ हे सर्वसाधारण मासिक झाले, 1930 मध्ये त्याला ‘स्त्री’ची आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ची जोड मिळाली. नांगर आणि पंप बनवणाऱ्या ठिकाणाहून निघालेल्या या मासिकांनी मराठी घरांत बुद्धिवाद, आरोग्य, स्त्रीशिक्षण, विवाहाचा प्रश्न असे विषय माजघरापर्यंत नेले. ‘स्त्री’ टपालाने घरी येई, म्हणजे ते आणून देण्यासाठी दीर-मुलाच्या निवडीवर अवलंबून राहावे लागत नसे. हा फरक किरकोळ मानू नये. वर्षाचे अंक दोऱ्याने शिवून, पुठ्ठा घालून, पाठीवर साल लिहून ठेवण्याची पद्धत याच काळात रूढ झाली, आणि अनेक घरांतला पहिला ‘संग्रह’ म्हणजे असे बांधीव मासिकांचे खंड होत. ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये सुरू केलेल्या दिवाळी अंकाच्या प्रथेने त्यात दर वर्षी भर घातली.

याच सुमारास ग्रंथ घरोघर नेण्याचा दुसरा मोठा प्रयोग डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केला. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांनी चक्क मर्यादित कंपनी काढली, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले आणि 1920 च्या दशकात तेवीस खंड पुरे केले. वकील, शिक्षक, मामलेदार यांच्या बैठकीत ज्ञानकोशाची रांग दिसू लागली. ती किती वाचली गेली हा प्रश्न वेगळा, पण ती ठेवायला काचेचे कपाट लागले, आणि कपाटाने बैठकीचे रूप पालटले. पुस्तक देवघराजवळच्या कोनाड्यातून निघून पाहुण्यांच्या नजरेसमोर आले. पुढे सदनिकांच्या काळात या कपाटाची ‘शोकेस’ झाली, तिच्यात बाहुल्या आणि करंडक वाढले आणि पुस्तके खालच्या खणात सरकली. मराठी मध्यमवर्गाने ग्रंथसंग्रहावर केलेला हा सर्वांत निःशब्द अन्याय म्हणावा लागेल.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 मध्ये स्थापन झाल्यावर पुढच्या दोन-तीन दशकांत खेडोपाडी वीज गेली आणि कंदिलाची जागा डोक्यावरच्या एका दिव्याने घेतली. उजेड वाढला, पण तो पुन्हा सामाईक झाला: एका दिव्याखाली सगळे घर, आणि नंतर त्याच खोलीत दूरचित्रवाणी संच. सोलापूरजवळ कुंभारी येथे 2006 मध्ये विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजारांवर घरांची वसाहत झाली आणि 2024 च्या जानेवारीत तेथीलच रे नगर वसाहतीतील पंधरा हजार घरांचे वाटप झाले. पिढ्यान्पिढ्या एका खोलीत काढलेल्या कुटुंबांना दार लावता येईल अशी दुसरी खोली मिळणे, ही वाचनाच्या इतिहासातली घटना आहे, जरी ती गृहनिर्माणाच्या खात्यात नोंदली जात असली तरी.

घर आणि वाचनालय यांतली सीमा पुसण्याचे दोन अलीकडचे प्रयोग येथे नोंदवले पाहिजेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तकांची पेटी एखाद्या कुटुंबाकडे किंवा वाचकगटाकडे राहते आणि ठरावीक काळाने दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. बडोद्याच्या फिरत्या पेट्यांचा हा थेट वारस होय. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे 4 मे 2017 रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झाले, आणि त्यात गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांतल्या खोल्या व पडव्या पुस्तकांसाठी खुल्या केल्या. या गावात परका माणूस घरात येऊन वाचत बसतो आणि घरचे लोक आपापली कामे करत राहतात. जुन्या ओसरीवरच्या पोथीशी याचे नाते उघड आहे, फक्त मोठ्याने वाचणारा कोणी नाही आणि पायरीवर कोणाला अडवले जात नाही.

चिंचोळीला जाणाऱ्या कामगाराच्या घरी कोपरा मांडायचा तर या इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. खुर्ची आणि फळीचा रंग ही दुय्यम बाब. ज्या घरात पाळीप्रमाणे कोणी दिवसा झोपतो आणि कोणी रात्री परततो, त्या घरात इतरांची झोप न मोडता लावता येईल असा स्वतंत्र दिवा ही पहिली गरज आहे, आणि वाळवीपासून दूर, भिंतीला न चिकटलेली फळी ही दुसरी. संग्रह थोडा असला तरी चालतो, कारण या मुलखातल्या उत्तम वाचकांपैकी बहुतेकांचा संग्रह थोडाच होता आणि वाचनालय जवळ होते. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते आणि दसऱ्याला घरी पाटी-पुस्तकांची. त्या निमित्ताने वर्षातून एकदा फळीवरचे प्रत्येक पुस्तक उचलून झटकले, तर श्रुतपंचमीचे शहाणपण कोणत्याही धर्माच्या घरात उतरेल.

या घरांकडून इतिहासाची आणखी एक अपेक्षा आहे. माळवदाचे घर पाडून सिमेंटचे बांधताना किंवा शहरातल्या सदनिकेत जाताना फडताळातली जुनी बासने बहुधा रद्दीत जातात, आणि श्रद्धाळू घरांत ती भीमा किंवा सीना नदीत विसर्जित होतात. वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने अशाच घरांतल्या रुमालांतून गोळा केली आणि 1898 पासून ती छापली. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तीही लोकांकडच्या प्रती ताडून. म्हणून ज्यांच्या घरी असे बासन असेल त्यांनी ते नदीकडे नेण्यापूर्वी एकदा उघडावे, पानांची छायाचित्रे काढावीत, शेवटच्या पानावर लेखनाचा शक व नकलनवीसाचे नाव आहे का ते पाहावे, आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था किंवा सोलापुरातील विद्यापीठ यांपैकी कोणाला तरी ते दाखवावे.